पोर्ट लुई पायी: मॉरिशसच्या राजधानीत एक दिवस कसा घालवावा

मॉरिशसला जाणाऱ्या बहुतेक मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात पोर्ट लुई येतं ते ‘सिटी टूर’ नावाच्या अर्ध्या दिवसात. बस किल्ल्यावर थांबते, फोटो निघतात, मग दोन तास खरेदीसाठी कोदाँ वॉटरफ्रंटवर सोडतात आणि संध्याकाळी परत हॉटेल. लोक म्हणतात, राजधानीत बघण्यासारखं काही नाही, नुसती गर्दी. बसमधून पाहिलं तर तसंच वाटणार. पोर्ट लुई हे कामाचं शहर आहे. वस्ती दीड लाखाच्या आसपास, पण रोज सकाळी बेटभरातून माणसं नोकरी-धंद्याला इथे येतात आणि संध्याकाळी निघून जातात. या येण्याजाण्याच्या वेळा सांभाळून दिवस आखला, तर एवढ्याशा शहरात डच, फ्रेंच, इंग्रज, आफ्रिकी गुलाम, भारतीय मजूर आणि चिनी व्यापारी या सगळ्यांच्या खुणा चालत्या अंतरावर सापडतात.

दिवस कोणता निवडायचा

सोमवार ते शुक्रवार, त्यातही मंगळवार ते गुरुवार उत्तम. शनिवारी दुपारनंतर दुकानं आणि कार्यालयं मिटायला लागतात. रविवारी मंडई सकाळी चालू असते, पण बाकी शहर ओस पडतं आणि संग्रहालयं बहुतेक बंद असतात. फक्त रविवारच मोकळा असेल तर त्या दिवशी समुद्रावर जा, राजधानीचा हट्ट धरू नका.

सार्वजनिक सुट्ट्यांची यादी आधी पाहून ठेवा. या देशात सगळ्या धर्मांचे सण सुट्टीचे असतात: महाशिवरात्र, तमिळांचा तैपूसम कावडी, उगादी, ईद, चिनी नववर्ष, दिवाळी. शिवाय १ फेब्रुवारीला गुलामगिरी बंद झाल्याचा दिवस, १२ मार्चला स्वातंत्र्यदिन आणि २ नोव्हेंबरला भारतीय मजुरांच्या आगमनाचा दिवस. गणेश चतुर्थीचीही देशभर सुट्टी असते, ती तिथल्या मराठी समाजामुळे. गंमत म्हणजे ही सुट्टी बहुधा चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. त्या दिवशी राजधानीत कुलपं बघण्यापेक्षा विसर्जन बघायला जा. नद्यांवर आणि समुद्रकिनाऱ्यांवर मिरवणुका येतात. कोकणातून गेलेलं जाखडी नृत्य मॉरिशसच्या मराठी माणसांनी आजही जपलं आहे.

ऋतूचं गणित आपल्या उलट आहे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, म्हणजे फिरायला चांगला काळ. पोर्ट लुई बेटाच्या वायव्येला, डोंगरांच्या आडोशाला आहे. आग्नेयेकडून येणारे वारे डोंगर अडवतात, त्यामुळे क्यूरपीपसारख्या पठारावरच्या गावात स्वेटर लागतो तेव्हाही इथे घाम येतो. डिसेंबर ते मार्च दमट उकाडा, आणि जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा भर. वादळाचे इशारे १ ते ४ अशा श्रेणींत देतात. तिसरी श्रेणी लागू झाली की बस आणि दुकानं बंद होतात, मग हॉटेलातच थांबायचं.

पावसाबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. शहर डोंगर आणि बंदर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे, त्यामुळे ढगफुटीसारखा पाऊस झाला की डोंगराचं पाणी थेट रस्त्यांवर उतरतं. ३० मार्च २०१३ ला अशाच पुरात ११ जणांचा जीव गेला. त्यातले काही कोदाँजवळच्या भुयारी मार्गात आणि वाहनतळात अडकले होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळीही शहरातून गाड्या वाहून गेल्या. मुसळधार सुरू झाली तर भुयारी मार्गात उतरू नका, जवळच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर थांबा.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मागू शकतात, तो छापून जवळ ठेवा. प्रवासाआधी सरकारी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

सामानात ताजी फळं, फुलं, बिया, रोपं नेऊ नका. बेट आपल्या शेतीबद्दल फार जागरूक आहे आणि परवान्याशिवाय या वस्तू जप्त होतात. औषधांचंही तसंच. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं आपल्याकडे सहज लिहून दिली जातात, तिथे ती नियंत्रित यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर ठेवा, नाहीतर ती नेऊच नका. अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. ई-सिगारेटही घरी ठेवा.

चलन मॉरिशसचा रुपया, आपल्या रुपयापेक्षा महाग. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं आहे, पण त्यावर विसंबून मंडईत जाऊ नका. डाळपुरीवाला आणि बसचा कंडक्टर यांना सुट्टे पैसेच लागतात. विजेची सॉकेटं काही ठिकाणी ब्रिटिश तीन चौकोनी पायांची, काही ठिकाणी युरोपियन दोन गोल पायांची, म्हणून अॅडॉप्टर हवाच.

भाषेची अडचण फारशी येत नाही. सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि बोलणं क्रेओलमध्ये. क्रेओलचे चार शब्द शिकलात तर समोरच्याचा चेहरा खुलतो: ‘बोंझूर’, ‘मेर्सी’, किंमत विचारायला ‘कोम्ये सा?’, आणि शाकाहाऱ्यांसाठी सगळ्यांत कामाचं वाक्य, ‘मो पा मांज लाव्यान’, मी मांस खात नाही. मासेही चालत नसतील तर ‘पवासों’ हा शब्द वेगळा सांगावा लागतो. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण भाजीच्या रश्शात सुकी कोळंबी असू शकते.

शहरात कसं पोचायचं

विमानतळ आग्नेयेला, राजधानी वायव्येला, मधलं अंतर ४५ किलोमीटरच्या पुढे. विमानातून उतरून थेट शहर बघायला जाण्याचा बेत करू नका. ग्राँ बे, फ्लिक आँ फ्लाक किंवा कात्र बोर्न इथे मुक्काम ठेवून एका दिवसासाठी यावं, हे मला सर्वांत सोयीचं वाटतं. शहरात राहायचंच असेल तर कोदाँच्या आसपास राहा. रात्री आतल्या गल्ल्या सुन्या होतात आणि जेवणाचे पर्यायही कमी उरतात.

बसचे दोन मुख्य तळ लक्षात ठेवा. उत्तरेकडून, म्हणजे ग्राँ बेच्या बाजूने येणाऱ्या बस इमिग्रेशन स्क्वेअरला थांबतात. दक्षिणेकडच्या आणि पठारावरच्या, म्हणजे क्यूरपीप, माएबूरकडच्या बस व्हिक्टोरिया स्थानकात. तिकीट बसमध्येच कंडक्टर देतो, ते उतरेपर्यंत जपून ठेवा, तपासनीस चढतात. संध्याकाळी बस लवकर कमी होतात, परतीची वेळ सकाळीच विचारून घ्या.

पठारावर राहत असाल तर मेट्रो घ्या. ही हलकी रेल्वे जानेवारी २०२० पासून प्रवासी नेते आणि आता क्यूरपीपपर्यंत जाते. रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा या गावांतून ती थेट राजधानीत उतरते. सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते सहा या वेळांत शहरात शिरणारे-निघणारे रस्ते तुंबतात, तेव्हा मेट्रोची किंमत कळते. विमानतळापर्यंत मात्र ती जात नाही.

टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, मीटरवर भरवसा ठेवू नका. पहिला आकडा बोलीचा असतो. स्वतः गाडी चालवायची तर वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे, पण पोर्ट लुईत गाडी आणण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. गल्ल्या अरुंद, पार्किंग महाग आणि बहुतेक ठिकाणं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर.

सकाळ: आधी वर, मग खाली

सुरुवात किल्ल्यापासून करा. सिटाडेल, म्हणजेच फोर्ट अॅडलेड, १८३४ ते १८४० या काळात इंग्रजांनी बांधला आणि राजा चौथा विल्यम याच्या राणीचं नाव दिलं. त्याच वेळी गुलामगिरी बंद होत होती आणि फ्रेंच मळेवाले चिडलेले होते. तोफा समुद्राकडे होत्या तशीच नजर शहरावरही होती. बांधकामात फार काही नाही, काळ्या दगडाच्या भिंती आणि मोकळं अंगण. जायचं ते दृश्यासाठी. किल्ला बंदराच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि समोर बंदर, मंडईचं छप्पर, मशिदीचे मिनार सगळं स्वच्छ दिसतं. टूरवाले दुपारी नेतात, तेव्हा ऊन डोळ्यांवर येतं. वर टॅक्सीने जा, खाली पायी या. एवढ्या एका बदलाने निम्मा थकवा वाचतो.

वरून शहराची रचना समजून घ्या, पुढे नकाशा लागणार नाही. पाठीमागे डोंगरांची रांग, त्यात अंगठ्यासारखा दिसणारा ल पूस, उंची ८१२ मीटर. डार्विन १८३६ मध्ये इथे आला तेव्हा हा डोंगर चढला होता. दुसऱ्या बाजूला शाँ द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. १८१२ मध्ये सुरू झालेलं हे मैदान दक्षिण गोलार्धातलं सर्वांत जुनं मानतात. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्याचा झेंडा इथेच चढला. शर्यती शनिवार-रविवारी असतात. आवड असेल तर जरूर जा, नाहीतर त्या दिवशी त्या बाजूची गर्दी टाळा.

खाली उतरताना पायाखाली बघा. पदपथ अरुंद आहेत आणि कडेला पावसाच्या पाण्याची खोल, उघडी गटारं. वर बघत चालणाऱ्यांचे पाय त्यातच मुरगळतात.

रॉयल स्ट्रीटवर जुम्मा मशीद लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधायला घेतलेली ही मशीद बदामाच्या एका मोठ्या झाडाभोवती उभी आहे. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवार सोडून, अंग झाकणारे कपडे घालून गेलात तर अंगणापर्यंत जाऊ देतात, आधी दारावर विचारा. तिथून सुरू होतं ते चायनाटाउन. दुकानं जुनी, लाकडी, काही पडायला आलेली. इथे घाई करू नका, आणि एखाद्या पाटीचा फोटो घेताना दुकानदाराकडे बघून मान हलवा.

मंडई

सेंट्रल मार्केट दहाच्या आत गाठा. भाजीच्या दालनात शिरलात की ओळखीच्या भाज्यांचे ढीग दिसतात: दोडका, कारलं, पडवळ, मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर. शेवग्याचा पालाही मिळतो. वरच्या मजल्यावर हस्तकला, टोपल्या, टी-शर्ट. तिथल्या किमती पर्यटकांसाठी असतात, निम्म्यापासून सुरुवात केली तरी कोणी रागावत नाही. डोडोची छाप असलेल्या बऱ्याच वस्तू परदेशातून आलेल्या असतात. खरोखर घेण्यासारखं म्हणजे व्हॅनिला, चहा, उसाची गडद साखर आणि मिरचीचं लोणचं. मांसाचं दालन वेगळं आहे, वास सहन होत नसेल तर तिकडे फिरकू नका. काढ्यांच्या जडीबुटी विकणारे जुने ठेलेही इथे आहेत. प्रत्येक रोगावर पुडी मिळते. गंमत म्हणून बघा, घ्यायची गरज नाही.

खाणं हाच मंडईचा मुख्य भाग. डाळपुरी, तिथल्या उच्चारात ‘डोल पुरी’, पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी. पुरणपोळीतला गूळ काढून हळद-जिरं घातलं तर जे होईल ते. नेहमी दोनाची जोडी मिळते. आत पावट्याच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. उभ्याने खायची. मिरची जपून मागा, आपल्या ठेच्याला लाजवेल अशी असते. ज्या गाडीपुढे कचेरीतले लोक रांगेत उभे आहेत तिथेच उभे राहा. दुपारी दोननंतर चांगल्या गाड्यांचा माल संपतो. मिरची घातलेले डाळीचे छोटे वडे म्हणजे ‘गातो पिमाँ’, ते सकाळी पावात घालून खातात. वर ‘अलूदा’ प्या: दूध, सब्जा आणि चायना ग्रासचे तुकडे, म्हणजे आपला फालुदाच. हे तिन्ही पदार्थ शाकाहारी आहेत, पण रुगायमध्ये खारे मासे नाहीत ना, हे विचारून घ्या.

मांसाहारींनी चायनाटाउनमध्ये ‘बुलेत’ म्हणजे वाफवलेले गोळे आणि रस्सा, किंवा तळलेल्या नूडल्स खाव्यात. बिर्याणीही चांगली मिळते.

आप्रवासी घाट

मंडईपासून उत्तरेला थोडं चाललं की आप्रवासी घाट येतो. इथे निदान एक तास द्या. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडले. तेव्हा करारावर मजूर आणण्याचा ‘मोठा प्रयोग’ इंग्रजांनी मॉरिशसमध्ये सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलस’ जहाजातून ३६ मजूर उतरले. १९२० च्या दशकापर्यंत ही संख्या साडेचार लाखांपलीकडे गेली. १८४९ पासून त्यांना उतरवून घेण्याचं केंद्र याच जागेवर होतं. नोंदणी, तपासणी, साधारण दोन दिवसांचा मुक्काम आणि मग मळ्याकडे रवानगी. २००६ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा ठरवलं.

आता बघायला काय आहे? अपेक्षा माफक ठेवा. केंद्राचा मोठा भाग महामार्गाखाली गेला. उरल्या आहेत काही खोल्या, स्वयंपाकघराचे आणि शौचालयांचे अवशेष, आणि जहाजातून उतरलेली माणसं ज्या १६ दगडी पायऱ्या चढली त्या पायऱ्या. म्हणून आधी शेजारच्या माहिती केंद्रात जा, मग अवशेषांकडे. उलट केलंत तर नुसत्या भिंती दिसतील. प्रवेश विनामूल्य आहे.

कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं इथे येत. त्यांत रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची माणसं होती. मॉरिशसमधल्या आजच्या मराठी समाजाची मुळं तिथे आहेत. तुमच्या घराण्यातलं कोणी ‘मिरिचला गेलं’ असं ऐकलं असेल, तर मजुरांच्या नोंदी आणि छायाचित्रं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, गाव, वडिलांचं नाव, अंदाजे वर्ष अशी माहिती घेऊन, आधी पत्रव्यवहार करून जा. ऐनवेळी जाऊन काम होत नाही.

घाटापासून जवळच जुन्या लष्करी रुग्णालयात २०२३ मध्ये गुलामगिरीचं आंतरखंडीय संग्रहालय उघडलं. ही इमारत अठराव्या शतकातली, फ्रेंचांच्या काळात गुलामांच्या श्रमाने उभी राहिलेली. भारतीय पर्यटक घाट बघून परत फिरतात, हे मला खटकतं. आपले मजूर ज्यांच्या जागी आणले ती माणसं कोण होती हे इथे कळतं, आणि त्याशिवाय घाटाची गोष्ट अर्धीच राहते.

दुपार: सावलीत

बारा ते तीन उन्हात भटकू नका. प्लास दार्म या ताडांच्या रांगेतून सरकारी वाड्याकडे जा. वाटेत माए द ला बूर्दोने याचा पुतळा आहे. १७३५ मध्ये आलेल्या याच फ्रेंच गव्हर्नराने बंदर आणि शहर वसवलं. पुढे कंपनी गार्डनमध्ये प्रचंड वड आहेत, बाकांवर डबा खाणारे कारकून असतात. दिवसा छान, अंधार पडल्यावर टाळा.

बागेला लागूनच निसर्गेतिहास संग्रहालय. छोटं, जुन्या धाटणीचं, भुसा भरलेले पक्षी-मासे. पण इथे डोडोचा जो सांगाडा आहे तो एकाच पक्ष्याचा पूर्ण सांगाडा म्हणून जगात एकमेव समजला जातो. बाकीचे वेगवेगळ्या पक्ष्यांची हाडं जोडून केलेले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ल पूस डोंगराच्या परिसरात एतियेन थिरियू या हौशी संशोधकाला सापडला, जो पोर्ट लुईत न्हाव्याचं काम करायचा. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का ते पाहून घ्या.

मग भुयारी मार्गाने कोदाँला जा आणि थेट ब्लू पेनी संग्रहालयात शिरा. १८४७ ची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटं, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं, इथे आहेत. प्रत्येकी ५०० च छापली होती. १९९३ मध्ये मॉरिशसच्या बँका-कंपन्यांनी वर्गणी करून ही जोडी देशात परत आणली. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात, एरवी प्रतिकृती दिसतात. आत शिरतानाच पुढची वेळ विचारा आणि तोवर जुने सागरी नकाशे बघा. रविवारी बंद.

कोदाँची दुकानं मी फार महत्त्वाची मानत नाही. पण पाचनंतर बंदराच्या कठड्यावर बसायला ती जागा चांगली आहे, आणि साडेसहापर्यंत तिथे थांबलात तर परतीची कोंडी टळते.

आणखी अर्धा दिवस असेल तर

सेंत क्र्वा या उपनगरात फादर लावाल यांची समाधी आहे. १८६४ मध्ये वारलेल्या या धर्मोपदेशकाच्या दर्शनाला ८-९ सप्टेंबरला रात्रभर पायी यात्रा चालते आणि तीत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे असतात. चालायची हौस असेल तर ल पूसची चढण मोकाच्या बाजूने सोपी पडते. भल्या सकाळी निघा, पाणी दोन लिटर, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाऊ नका, माती निसरडी होते.

फोनमध्ये हे क्रमांक टाकून ठेवा: पोलीस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५. मंडईत आणि बसतळावर पाकीट पुढच्या खिशात. मलेरियाची भीती नाही, पण डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे डास असतात, म्हणून घाटावर आणि बागेत जाण्याआधी मलम लावा. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवा, राजधानीत लोक नीटनेटके कपडे घालून कामावर आलेले असतात.